आईला गोळी दिली होती, मग पिल्लांना जंत आले कुठून?

पत्र: आमची कुत्री चार वर्षांची आहे, वजन साधारण 22 किलो. मागच्या खेपेला मेटिंगच्या आधी तिला जंताची गोळी दिली होती, शीसुद्धा तपासून घेतली होती. त्यात काही निघालं नाही. तरी पिल्लं तीन आठवड्यांची होता होता त्यांची पोटं टम्म फुगली. एकाने उलटी केली, तर त्यात बोटभर लांबीचे पांढरे जंत. सहातलं एक पिल्लू गेलं. आता ती पुन्हा गाभण आहे, मेटिंगला बरोबर चार आठवडे झालेत. कुणी म्हणतं गाभणपणात जंताचं औषध अजिबात द्यायचं नाही, पिल्लं पडतात. कुणी म्हणतं माणसांची अल्बेंडाझोलची अर्धी गोळी दे, काही होत नाही. पिल्लांना कितव्या दिवसापासून आणि किती औषध द्यायचं? घरात दोन वर्षांचा मुलगा आहे, त्याला पिल्लांजवळ जाऊ द्यावं का? मागच्या वेळी माझं नेमकं काय चुकलं? आणि पुढच्या वेळी तरी हे टळेल का?

ताई,

मागच्या वेळी काय चुकलं, हे तुम्ही शेवटाकडे विचारलंय, पण मी तिथूनच सुरुवात करते. कारण त्याचं उत्तर कळलं की बाकीची अर्धी उत्तरं आपोआप मिळतात. तुम्ही गोळी दिलीत, शी तपासून घेतलीत. बहुतेक लोक याच्या निम्मंही करत नाहीत. ते पिल्लू तुमच्या हलगर्जीपणामुळे गेलेलं नाही. ज्या जंतांमुळे ते गेलं, ते त्या गोळीच्या तावडीत येणारे नव्हते आणि त्या तपासणीत दिसणारेही नव्हते. ते आईच्या आतड्यात नव्हतेच. ते तिच्या मांसात होते.

कुत्र्यांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा गोल जंत म्हणजे टॉक्सोकारा केनिस. त्याची अंडी मातीतून, चाटण्यातून तोंडावाटे पोटात जातात. लहान पिल्लात त्यातून निघालेल्या अळ्या यकृत, फुप्फुसं असा फेरफटका मारून शेवटी आतड्यात येतात आणि मोठे जंत होतात. मोठ्या कुत्र्यात मात्र बऱ्याच अळ्या आतड्यापर्यंत परत येतच नाहीत. त्या स्नायूंमध्ये आणि इतर अवयवांमध्ये जाऊन निपचित पडून राहतात, महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षं. कुत्रीला काही त्रास नसतो. शीत अंडी नसतात, कारण अंडी घालणारा मोठा जंत आतड्यात नसतोच. आणि साधी जंताची गोळी आतड्यातल्या आतड्यात काम करून बाहेर पडते, मांसात दडलेल्या अळीपर्यंत ती पोचत नाही.

मग कुत्री गाभण राहते. तिचा गर्भकाळ साधारण 63 दिवसांचा. चाळिशी ओलांडली, साधारण 42वा दिवस आला की या झोपलेल्या अळ्या जाग्या होतात आणि वारेतून थेट पोटातल्या पिल्लांच्या यकृतात शिरतात. म्हणजे पिल्लू जन्माला येतं तेच जंत घेऊन. जन्मल्यावर त्या अळ्या फुप्फुसात जातात, खोकल्याबरोबर घशाशी येतात, पिल्लू त्या गिळतं आणि त्या आतड्यात पोचतात. राहिलेल्या काही अळ्या आईच्या दुधातून उतरतात. तीन आठवड्यांच्या सुमाराला पिल्लाच्या शीत अंडी पडायला लागतात. तुमच्याकडे पोटं फुगली तीही तिसऱ्याच आठवड्यात. हिशोब बरोबर जुळतो.

आता गाभणपणात औषध द्यावं की नाही. ‘अजिबात देऊ नका’ म्हणणाऱ्यांच्या बोलण्यात एक खरी गोष्ट आहे. पहिल्या पाचेक आठवड्यांत पिल्लांचे अवयव घडत असतात, त्या काळात गरज नसलेलं कुठलंच औषध पोटात जाऊ नये. तो काळ तुमचा आता संपत आलाय. पण तीच गोष्ट सबंध गाभणपणाला लावली तर मागच्या खेपेसारखं होतं. योग्य औषध योग्य दिवसापासून दिलं तर पिल्लं पडत नाहीत, उलट वाचतात.

अल्बेंडाझोलला मात्र हात लावू नका. अर्धी नाही आणि पावसुद्धा नाही. गाभण जनावरांमध्ये या औषधाने गर्भात व्यंगं निर्माण होतात हे पक्कं माहीत आहे, आणि कुत्र्यांच्या अस्थिमज्जेवर, म्हणजे जिथे रक्त तयार होतं तिथेच, त्याचा वाईट परिणाम झाल्याची उदाहरणं आहेत. माणसांना चालतं म्हणून कुत्रीला चालेल हा तर्क इथे जीवावर बेततो. ज्यांनी सांगितलं त्यांनी चांगल्याच भावनेने सांगितलं असेल, पण त्यांचं ऐकू नका. तसंच गुराढोरांसाठीचं आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन. ते इतकं तीव्र असतं की कुत्र्यासाठी त्याचा थेंबाथेंबाचा हिशोब करावा लागतो. शिवाय कोलीसारख्या मेंढपाळी जातींच्या बऱ्याच कुत्र्यांमध्ये एक जनुकीय दोष असतो, त्यामुळे त्यांना ते मेंदूपर्यंत चढतं. लेव्हामिसोलही नको, त्यात उपाय करणारी मात्रा आणि विषारी मात्रा यांच्यात फार थोडं अंतर आहे. आणि लसूण? लसणाने जंत जात नाहीत, कुत्र्याच्या तांबड्या पेशी मात्र फुटतात. गाभण कुत्रीला तर तो देऊच नये.

मग द्यायचं काय? गाभण कुत्रीत मांसातून निघालेल्या अळ्यांवर सगळ्यात जास्त वापरलं आणि अभ्यासलं गेलेलं औषध म्हणजे फेनबेंडाझोल. ते एकदा देऊन भागत नाही. अळ्या एका दिवशी उठून निघत नाहीत, तीन-चार आठवडे त्यांची ये-जा चालू असते, म्हणून औषधही रोज रक्तात असावं लागतं. याच्या दोन पद्धती प्रचलित आहेत. एकीत 40व्या दिवसापासून दर किलो वजनाला 25 मिलिग्रॅम रोज, पिल्लं झाल्यावर दोन दिवसांपर्यंत. दुसरीत 40व्या दिवसापासूनच दर किलोला 50 मिलिग्रॅम रोज, पिल्लं 14 दिवसांची होईपर्यंत. तुमच्या 22 किलोच्या कुत्रीला पहिल्या हिशोबाने रोज 550 मिलिग्रॅम होतात, दुसऱ्या हिशोबाने 1100. दुसरी पद्धत लांबते, साधारण पाच आठवडे, पण दुधातून उतरणाऱ्या अळ्यांनाही ती अडवते. यातली कोणती घ्यायची हे तिला प्रत्यक्ष तपासून तुमच्या पशुवैद्यांनी ठरवायचं. मी आकडे दिले ते तुम्हाला त्यांच्याशी बोलताना कामी यावेत म्हणून, घरच्या घरी चालू करण्यासाठी नव्हे. इतका लांब कोर्स देताना तिची तब्येत, रक्त, आधीची दुखणी डॉक्टरांना माहीत असलीच पाहिजेत.

फेनबेंडाझोल जेवणातच मिसळून द्या. उपाशीपोटी ते फारसं रक्तात उतरत नाही, आणि आपल्याला तर ते रक्तात उतरायलाच हवंय. एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट देऊ नका, नेहमीचंच द्या आणि पुढे चालू ठेवा. एक बारीक गोष्ट लोक विसरतात: गाभण कुत्रीचं वजन शेवटच्या तीन आठवड्यांत झपाट्याने वाढतं. 40व्या दिवशीच्या वजनावर काढलेली मात्रा 58व्या दिवशी अपुरी पडते. दर आठवड्याला तिला वजनकाट्यावर उभी करा. काटा नसेल तर तिला उचलून घेऊन तुम्ही काट्यावर उभ्या राहा आणि आलेल्या आकड्यातून स्वतःचं वजन वजा करा. तिला उचलताना पोटावर दाब येऊ देऊ नका. एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांच्या मागून. इतकी जड कुत्री एकटीने उचलणं अवघड वाटलं तर दवाखान्यातल्या काट्यावर न्या, तेच बरं.

मानेवर टाकायच्या थेंबांचाही एक मार्ग आहे. त्या गटातली काही औषधं 40व्या आणि 55व्या दिवशी अशी दोनदाच वापरतात. रोज औषध खाऊ घालणं जमणार नसेल तर त्याबद्दल डॉक्टरांना विचारा. पण सगळेच थेंब गाभण कुत्रीला चालतात असं नाही, आणि पिसवांवरचे थेंब म्हणजे जंताचे थेंब नव्हेत.

तुमच्या कुत्रीला आज 28 दिवस झालेत असं धरलं तर तुमच्या हातात बारा दिवस आहेत. मेटिंग दोन-तीन वेळा झालं असेल तर पहिल्या दिवसापासून मोजा. आणि समजा काही कारणाने 40वा दिवस हुकला, 47वा उजाडला, तर ‘आता काय उपयोग’ म्हणून सोडून देऊ नका. त्या दिवसापासून सुरू करा. काही अळ्या गेल्या असतील, सगळ्या नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आईला कोर्स दिला म्हणून पिल्लांचं औषध टळत नाही. कोर्सने पिल्लांवरचा भार पुष्कळ कमी होतो, शून्य होत नाही. मी तर म्हणेन, दोन्हींतलं एकच काही जमणार असेल तर पिल्लांचं वेळापत्रक पाळा. ते असं: पिल्लं दोन आठवड्यांची झाली की पहिला डोस. मग चौथ्या, सहाव्या आणि आठव्या आठवड्यात. त्यानंतर सहा महिन्यांची होईपर्यंत महिन्यातून एकदा. पिल्लांच्या पहिल्या चार डोसांच्या दिवशी आईलाही डोस, कारण ती पिल्लांची शी चाटून साफ करते आणि त्याबरोबर जंत पुन्हा स्वतःच्या पोटात घेते. त्या काळात तिची प्रतिकारशक्तीही उतरलेली असते. आईचा फेनबेंडाझोलचा कोर्स तेव्हा चालू असेल तर वेगळा डोस द्यायचा की नाही, हे डॉक्टरांना विचारून घ्या.

दर पंधरा दिवसांनी का, एकदाच दणकून का नाही? कारण औषध दिलं त्या दिवशी आतड्यात जे जंत आहेत तेवढेच मरतात. फुप्फुसात फिरणाऱ्या अळ्या त्या दिवशी वाचतात, दुधातून उद्या येणाऱ्याही येतच राहतात. त्या आतड्यात येऊन मोठ्या होऊन अंडी घालायच्या आत पुढचा डोस पोचला पाहिजे. दुप्पट मात्रा दिल्याने हे होत नाही, फक्त पिल्लाला त्रास होतो. आणि पहिला डोस दोन आठवड्यांचा का? कारण तीन आठवड्यांची वाट पाहिली की अंडी शीत पडायला लागलेली असतात. अनेक घरांत ‘लसीकरणाच्या वेळी बघू’ म्हणतात, तोवर सहा-आठ आठवडे उलटलेले असतात. मागच्या खेपेला तुमच्याकडे पहिला डोस कधी झाला ते पत्रात नाही, पण पोटं फुगल्यावर झाला असावा असं वाटतं.

इतक्या लहान पिल्लांना साधारणपणे पायरँटेलचं पातळ औषध, सस्पेन्शन, देतात. ते आतड्यातून फारसं शोषलं जात नाही, म्हणून कोवळ्या पिल्लांत ते सुरक्षित ठरलंय. गोल जंत आणि अंकुशकृमी (आतड्यात रक्त पिणारे बारीक जंत) या दोघांवर चालतं. मात्रा दर किलोला 5 मिलिग्रॅम, आणि अगदी छोट्या पिल्लांना काही डॉक्टर 10 मिलिग्रॅमपर्यंत सांगतात. इथे एक खड्डा आहे, तो नीट समजून घ्या. बाटलीवर कधी ‘पायरँटेल’ लिहिलेलं असतं, कधी ‘पायरँटेल पामोएट’ किंवा ‘एम्बोनेट’. पामोएट आणि एम्बोनेट एकच, पण हा क्षार आहे, त्यात खरं औषध साधारण तिसरा हिस्साच असतं. 144 मिलिग्रॅम एम्बोनेट म्हणजे 50 मिलिग्रॅम पायरँटेल. शिवाय बाटल्यांची तीव्रता वेगवेगळी. पिल्लांच्या एका प्रकारच्या औषधात दर मिलीमध्ये 5 मिलिग्रॅम पायरँटेल असतं, तर माणसांच्या मुलांसाठीच्या सस्पेन्शनमध्ये दर मिलीमध्ये 50. दहापट! 600 ग्रॅमच्या पिल्लाला 3 मिलिग्रॅम हवेत. पहिल्या बाटलीतून ते 0.6 मिली होतात, दुसरीतून 0.06 मिली, म्हणजे सिरिंजमध्ये धड मोजताही येणार नाही इतके. म्हणून ‘एक मिली द्या’ असा निरोप कुणाकडूनही तोंडी घेऊ नका. कुठल्या बाटलीतून एक मिली? डॉक्टरांकडून बाटलीचं नाव, तीव्रता आणि दर 100 ग्रॅम वजनाला किती मिली, हे तिन्ही कागदावर लिहून घ्या.

आणि पिल्लं अंदाजाने नव्हे, तोलून. स्वयंपाकघरातला ग्रॅम दाखवणारा काटा पुरतो. त्यावर एक उथळ डबा ठेवा, आत मऊ फडकं, काटा शून्यावर आणा आणि एकेक पिल्लू ठेवा. पिल्लू वळवळलं की आकडा नाचतो. त्याच्या पाठीवर तळहात नुसता वर धरा, टेकवू नका. क्षणभर ते शांत होतं, तेवढ्यात वाचून घ्या. सारखी दिसणारी असतील तर गळ्यात वेगवेगळ्या रंगाच्या लोकरीचा सैल धागा बांधा आणि पिल्लं वाढतील तसा तो रोज सैल करत जा. एकाच वेताच्या पिल्लांतही वजनात दीडपट-दुप्पट फरक असतो. सगळ्यांना सारखा डोस म्हणजे लहानाला जास्त आणि मोठ्याला कमी.

काटा काढलाच आहे तर जन्मल्यापासून रोज वजन लिहून ठेवा. निरोगी पिल्लू रोज थोडं तरी वाढतं आणि सात-दहा दिवसांत जन्मवजनाच्या दुप्पट होतं. एखाद्याचा आकडा सलग दोन दिवस तिथेच अडला किंवा खाली आला तर पोट फुगण्याची वाट पाहू नका, डॉक्टरांना फोन करा. जंत असोत वा आणखी काही, वजनाचा आकडा सगळ्यात आधी बोलतो.

औषध पाजताना बाटली आधी जोरात हलवा. सस्पेन्शन तळाशी बसतं, न हलवता दिलं तर पहिल्या पिल्लाला पाणी मिळतं आणि शेवटच्याला औषध. सुई काढलेली एक मिलीची सिरिंज घ्या. पिल्लू पोटावर असू द्या, बाळासारखं उताणं धरू नका. डोकं सरळ, वर तोंड करायचं नाही. सिरिंजचं टोक ओठाच्या कडेने गालाच्या खोबणीत सरकवा, जीभ हलायला लागली की एक थेंब, गिळलं की पुढचा. दोन आठवड्यांच्या पिल्लाला 0.6 मिली पाजायला अर्धा मिनिट लागला तरी चालेल. एकदम पिचकारी मारली तर औषध श्वासनलिकेत जातं, आणि त्याने होणारा न्यूमोनिया जंतांपेक्षा लवकर जीव घेतो. पिल्लू थंड पडलं असेल, मलूल असेल तर आधी ऊब द्या, डॉक्टरांना दाखवा, औषध त्यांनी सांगितल्यावरच. पाजून झाल्यावर आईजवळ सोडा.

त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत शीत जंत दिसतील, मेलेले, कधी वळवळणारेसुद्धा. दिसायला किळसवाणं आहे, पण ते हवंच आहे. थोडी पातळ शी, एखादी उलटी होऊ शकते. डोस पाजल्यावर लगेच उलटी झाली तरी स्वतःहून पुन्हा देऊ नका, विचारा. जुलाब दोन दिवसांहून जास्त टिकले तर ‘अजून जंत असतील’ म्हणून औषधावर औषध देत बसू नका. पिल्लांत कॉक्सिडिया नावाचे सूक्ष्मजीव जुलाब घडवतात, आणि त्यांच्यावर जंताच्या औषधाचा काही परिणाम होत नाही. शी दाखवा, कारण कळेल. दोन वेगवेगळी जंतनाशकंही एकदम देऊ नका. पायरँटेल आणि पिपेराझिन तर एकमेकांचं काम बिघडवतात.

अंकुशकृमींबद्दल वेगळं लिहिते, कारण गोल जंतांपेक्षा मला यांची जास्त भीती वाटते. ते प्रामुख्याने आईच्या दुधातून पिल्लात जातात, आतड्याच्या भिंतीला दात रोवतात आणि रक्त पितात. डोळ्याला जेमतेम दिसतील एवढे बारीक, म्हणून शीत ‘जंत दिसले नाहीत’ याला काही अर्थ नसतो. एक कृमी दिवसाला साधारण दशांश मिली रक्त घेतो. ऐकायला काहीच नाही. पण अर्ध्या किलोच्या पिल्लाच्या अंगात सगळं मिळून रक्त असतं 40-45 मिली. शंभर कृमी असले तर रोजचे 10 मिली गेले, म्हणजे चौथाई रक्त. असं पिल्लू दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, पोट न फुगता, शीत अंडी सापडायच्याही आधी जातं. कालपर्यंत पीत होतं, आज उठत नाही. म्हणून रोज एकदा पिल्लाचा ओठ वर करून हिरडी बघा. गुलाबी असली पाहिजे. फिकट किंवा पांढरट दिसली, शी डांबरासारखी काळी झाली, पिल्लू दूध ओढेनासं झालं, तर ती रात्र थांबायची वेळ नाही, तशाच उठा. अशा पिल्लाला नुसतं जंताचं औषध पुरत नाही, रक्त द्यावं लागू शकतं. जगाच्या काही भागांत अंकुशकृमी नेहमीच्या औषधांना दाद देईनासेही झाले आहेत, तेव्हा एकदा हे निघाले तर उपचारानंतर दोन आठवड्यांनी शी पुन्हा तपासून घ्या.

पट्टकृमींची चिंता आत्ता नको. तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे शेपटीखाली दिसणारे ते जंत बहुतेक पिसवांमधून येतात, दुधातून नाही. पिसवा आवरा. त्यांच्यावरचं प्राझिक्वान्टेल गरज पडली तर डॉक्टर देतील. त्याच्याबरोबर फेबॅन्टेल असलेली जोडगोळी मात्र गाभणपणाच्या पहिल्या चार आठवड्यांत देत नाहीत, आणि नंतरही विचारल्याशिवाय नको.

आता तुमच्या मुलाबद्दल. जाऊ द्या त्याला पिल्लांजवळ, पण दोन-तीन गोष्टी सांभाळून. गोल जंताची अंडी माणसाच्या पोटात गेली तर त्यातून अळ्या निघतात, पण माणसात त्या वाट चुकल्यासारख्या फिरतात: यकृतात, फुप्फुसात, कधी डोळ्यात. डोळ्यात गेलेली अळी एका डोळ्याची नजर घालवू शकते. मातीत खेळणारी, बोटं तोंडात घालणारी लहान मुलं यात जास्त सापडतात. तुमच्या बाजूची गोष्ट अशी की शीत पडलेलं ताजं अंडं लगेच बाधत नाही. त्यात अळी तयार व्हायला दोन ते चार आठवडे लागतात. म्हणजे शी त्याच दिवशी उचलली, तर धोका तिथेच संपला. राहू दिली, ती मातीत मिसळली, तर ती अंडी वर्षानुवर्षं टिकतात आणि जंतुनाशकानेही मरत नाहीत. म्हणून पिल्लं चौथ्या आठवड्यात इकडे-तिकडे फिरायला लागली की शी दिवसातून दोनदा उचला. फरशी उकळत्या पाण्याने किंवा वाफेने, अंथरूण गरम पाण्यात. व्यायच्या आधी आईची आचळं आणि पोटाखालचे केस कोमट पाण्याने पुसून घ्या, तिथे चिकटलेली अंडी पिल्लांच्या पहिल्या घोटाबरोबर आत जातात.

मुलाने पिल्लांना हात लावला की साबणाने हात धुवायचे, तुम्ही स्वतः धुवून दाखवलेत की तो शिकेल. पिल्लांनी तोंड चाटू नये. पिल्लं फिरतात त्या मातीत त्याने अनवाणी जाऊ नये, कारण अंकुशकृमीची अळी पायाच्या कातडीतून शिरते आणि त्वचेखाली नागमोडी, प्रचंड खाजणारी रेघ उमटवत फिरते. आणि पुढे कधी त्याला न हटणारा ताप, खोकला, घरघर झाली, किंवा एका डोळ्याने नीट दिसत नाही असं जाणवलं, तर मुलांच्या डॉक्टरांना आपणहून सांगा की घरात पिल्लं होती. तुम्ही सांगितलं नाही तर त्यांच्या मनात हे येईलच असं नाही.

पिल्लं आठ आठवड्यांनंतर दुसऱ्या घरी जाणार असतील तर प्रत्येकाबरोबर एक कागद द्या: कुठल्या तारखेला, कुठलं औषध, किती मिली, तेव्हाचं वजन, आणि पुढचा डोस कधी. नव्या घरी गेल्यावर महिन्याचे डोस हमखास चुकतात, कारण ‘आधीच्यांनी सगळं केलंय’ असं प्रत्येकाला वाटतं.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, पुढच्या वेळी तरी हे टळेल का. एका खेपेला सगळ्या अळ्या उठत नाहीत, काही मागे राहतात, आणि नव्याने जंत झाले नाहीत तरी पुढच्या अनेक वेतांना त्या पुरतात. म्हणजे ती पुन्हा गाभण राहिली तर 40व्या दिवसापासूनचा कोर्स पुन्हा, पिल्लांचं वेळापत्रकही पुन्हा. पुढे पिल्लं नको असतील तर ही पिल्लं दुधावरून सुटल्यावर तिची नसबंदी करून घ्या. त्यानंतर तिच्यासाठी साधं तीन महिन्यांनी एकदाचं डीवर्मिंग पुरेल. आज मात्र एवढं करा: डॉक्टरांना फोन करून मेटिंगची पहिली तारीख, तिचं आजचं वजन आणि मागच्या वेळी पिल्लांचं काय झालं ते सांगा, आणि 40व्या दिवसाच्या दोन दिवस आधीची वेळ घेऊन ठेवा.